चौऱ्याहत्तर मिनिटांचं लग्न

आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सीडी रायटर आला तेव्हा मला जळगावला येऊन वर्षही झालं नव्हतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. चोपड्याच्या कॉलेजातून मी बी.एस्सी. झालो होतो. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे पदवी हातात आल्यावर तिचं पुढे काय करायचं हे सांगणारं कोणी नव्हतं. क्लासच्या सरांनी मला आधी विद्यार्थी म्हणून घेतलं आणि सहा महिन्यांत शिकवायलाही उभं केलं. त्यांचे उपकार मोठे आहेत. पुढे जे घडलं त्यात त्यांचा काही दोष नाही, उलट त्यांनी मला वेळेवर सांगितलं होतं.

आज हे यंत्र कोणाच्या आठवणीतही नसेल. पण तेव्हा लोक ते नुसतं बघायला यायचे. कोरी सीडी आत सरकवायची, कळ दाबायची आणि श्वास रोखून बसायचं. आमच्या रायटरचे वेग दोनच, साधा आणि दुप्पट. साध्या वेगाने लिहायला घेतलं तर जितक्या मिनिटांचं चित्र, तितकीच मिनिटं लिहायला लागत. दुप्पट वेगाने निम्मा वेळ, पण धोका जास्त. लिहिताना संगणकाकडून माहितीची धार अखंड यायला हवी. ती क्षणभर तुटली तरी सीडी गेली, कारण तिच्यावर एकदाच लिहिता येतं, खोडता येत नाही. एका विद्यार्थ्याने लिहिणं चालू असताना शेजारी पत्त्यांचा खेळ उघडला आणि आमची पहिलीच सीडी वाया घालवली. तेव्हापासून सरांनी दारावर पाटी लावली, ‘सीडी लिहिणे चालू, आत येऊ नये’. पाटी लागली की मी एकटा आत बसायचो. फार मोठं काम करतोय असं वाटायचं.

त्याच वर्षी माझ्या मोठ्या बहिणीचं, अक्काचं, लग्न झालं. ती सातवीनंतर घरी राहिली, शेतात जाऊ लागली, म्हणून मी पुढे शिकू शकलो. हे आमच्या घरात कोणी कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते माहीत होतं. लग्न आमच्या गावी, चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला झालं. सासर धुळ्याचं. अक्काचे जेठ, म्हणजे थोरले दीर, सुरतेला साडीच्या मिलमध्ये होते आणि त्यांनी तिकडून सीडी लावायचा प्लेअर आणला होता. लग्नानंतर पंधरा-वीस दिवसांनी दाजींचा निरोप आला, “शालक कॉम्प्युटरमध्ये आहेत म्हणता, मग लग्नाची सीडी करून द्या की. आखाजीला अक्काला न्यायला याल तेव्हा घेऊन या.”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी येते. पहिल्या आखाजीला तिला आणायला भाऊ जातो. त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात आणि त्याचा मान असतो. मी मुराळी म्हणून जाणार आणि हातात माझ्या कामाची वस्तू असणार, याचा मला फार आनंद झाला.

अक्काचाही निरोप आला होता, तो वेगळा. दाजींच्या पाठोपाठ फोनवर आली आणि हळूच म्हणाली, “भाऊ, त्यात माय असेल ना? मला तिला बघायचंय.” फोन शेजारच्या दुकानातला, आजूबाजूला माणसं होती. तेवढंच बोलून तिने फोन ठेवला.

व्हिडिओवाल्याकडून मी कॅसेट आणली. कॅसेट तीन तासांची होती. बसून पूर्ण बघितली आणि लक्षात आलं की माय त्यात जवळजवळ नाहीच. ती दिवसभर घरात होती, डाळ-बट्टीचं साहित्य काढून देत, आल्या-गेलेल्या बायकांना पाणी देत. व्हिडिओवाल्याच्या मोठ्या दिव्याची वायर घरात पोचत नव्हती, म्हणून तो आत गेलाच नाही. पाठवणीच्या वेळी गावातली लाइट गेली, त्यामुळे पाठवणीही त्याला घेता आली नाही. कॅसेट आहेरावर संपत होती. मामाने मायला लुगडं दिलं, तेवढी तीन मिनिटं. साऱ्या कॅसेटमध्ये माय होती ती तिथेच, अगदी शेवटी.

कॅसेट संगणकात उतरवून मी कापायला बसलो. कोरी सीडी चौऱ्याहत्तर मिनिटांची. ऐंशी मिनिटांची निघाल्याचं ऐकलं होतं, पण जळगावात ती कोणाकडे नव्हती. तीन तासांतून चौऱ्याहत्तर मिनिटं काढायची म्हणजे माणसं काढायची. वरातीतले नाचणारे काढले तर ते धुळ्याचे होते आणि सीडी त्यांच्यासाठीच होती. जेवणाच्या पंगती काढल्या. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजींचा खोकला काढला. व्हिडिओवाल्याने उगाच आंब्याच्या झाडाकडे कॅमेरा फिरवला होता, ते काढलं. तरी सत्त्याहत्तर मिनिटं उरली, आणि आता काढण्यासारखं काही सापडेना.

सर म्हणाले, “दोन सीड्या कर. नाहीतर तीन मिनिटं आणखी काप.”

मी रविवारी गावी गेलो तेव्हा मायला सांगितलं की लग्न एका सीडीत मावत नाही, दोन कराव्या लागतील. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

“लगीनना दोन तुकडा करू नको भाऊ,” ती म्हणाली. “नवं घर शे पोरनं. एकमाच बसाड.”

“माय, त्यात जागाच तेवढी असते.”

“कापूस कसा दाबीसन भरतस, तसं दाबीसन भर.”

वडील ओट्यावरून हसले. त्यांनी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधल्या होत्या. “तो बी.एस्सी. शे,” ते म्हणाले, “त्याले नको शिकाडू.” पण तुकडे नकोत हे त्यांनाही पटलं होतं. पोरीचा संसार सुरू होतोय आणि तिचं लग्न दोन तुकड्यांत मोडून पाठवायचं, हे आमच्याकडे कोणालाच रुचलं नसतं. मी विज्ञान शिकलेला. मायला म्हणू शकलो असतो की सीडी म्हणजे लग्न नव्हे. म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मलाही ते बरं वाटत नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. दाबून भरता येतं, हे मला माहीत होतं.

सीडी आतून बाहेरच्या बाजूला भरत जाते. कंपनी तिच्या अगदी कडेला थोडी जागा मोकळी सोडते, शेताला बांध असतो तशी. आमच्याकडच्या प्रोग्राममध्ये एक सोय होती, तिच्या मदतीने त्या कडेपर्यंत लिहिता यायचं. आमच्या भागात नांगर हाकताना दर वर्षी वीतभर बांध कोरणारी माणसं मी पाहिली आहेत. मी तेच केलं. वेग मात्र साधा ठेवला. मनात असं की हळू लिहिलं की खोल उमटेल, पक्कं बसेल. दारावर पाटी लावली, पंखा बंद केला आणि घामाने भिजत सव्वा तास बसून राहिलो. सीडी बाहेर आली तेव्हा तिच्या मागची चकाकी पार कडेपर्यंत बदललेली दिसत होती. क्लासच्या संगणकावर लावून बघितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत चालली.

सरांना दाखवली. ते म्हणाले, “इथे चालली. त्यांच्या प्लेअरवर चालेल का, ते एकदा बघून घे. खाली टीव्हीच्या दुकानात लावून बघ.”

मी हो म्हणालो आणि गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची बस होती.

धुळ्याला माझं स्वागत चांगलं झालं. पाय धुवायला पाणी, गुळाचा खडा, मग चहा. दुपारच्या जेवणानंतर टीव्ही ओसरीवर आणला. शेजारपाजारच्या बायका आल्या, दोन म्हातारे आले. अक्काचे सासरे, सगळे त्यांना नाना म्हणत, ते आरामखुर्चीत. जेठ प्लेअरपाशी मांडी घालून. सासूबाई मधोमध. अक्का डोक्यावरून पदर घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली, तिथून टीव्ही तिरका दिसत होता. मला टीव्हीशेजारी खुर्ची दिली. मान होता.

सीडी सुरू झाली. वरात आली आणि ओसरी हसू लागली.

“नाना, हे तुम्ही नाचताय!”

“मी नाही रे. पित्त चढलं होतं, म्हणून हात हलत होते.”

“पित्त नव्हे,” सासूबाई म्हणाल्या, “तुमच्या मेव्हण्याने पानात काहीतरी दिलं होतं.”

“अगं, आणि तू बघ, तू फोटोवाल्याला ढकलतेयस!” नाना म्हणाले.

जेठ माझ्याकडे वळून म्हणाले, “पाव्हणे, चित्र स्वच्छ आलंय हं. सुरतेलासुद्धा असं येत नाही.” माझी छाती फुगली. एका म्हाताऱ्याने विचारलं, “हे सगळं त्या ताटलीत मावलं?” मी म्हणालो, “मावलं. दोनात करायचं होतं, पण लग्नाचे तुकडे नकोत म्हणून एकातच बसवलं.” बायकांनी एकमेकींकडे बघितलं, सासूबाईंनी मान डोलावली. “शहाणा आहे पोरगा,” त्या म्हणाल्या.

मंगलाष्टकं झाली. अक्का उंबऱ्यातून हळूच म्हणाली, “भाऊ, माय कधी?”

“शेवटी. आहेरात.”

थोड्या वेळाने पुन्हा, “आला का आहेर?”

सासूबाईंना ऐकू गेलं. “येईल गं,” त्या म्हणाल्या. “सरक थोडी पुढे, इथे बस. तुझ्याच माहेरचं माणूस येणार आहे.” अक्का पुढे सरकली. पदर थोडा मागे झाला तरी कोणी काही म्हणालं नाही. त्या घराने तिला त्या दुपारी एवढी मोकळीक दिली, हे मी नमूद केलं पाहिजे.

आहेर सुरू झाला. धुळ्याकडचे आहेर आधी. मग आमचा मामा दिसला, फेटा बांधलेला, पिशवीतून लुगडं काढताना. त्याने मान वर केली आणि आतल्या दाराकडे बघून हाक मारली. हाक अर्धी आली. मग “ता-ता-ता-ता” असा आवाज येऊ लागला, मामाच्या तोंडाचे चौकोन झाले, चौकोन थरथरले आणि टीव्ही निळा झाला.

जेठांनी सीडी काढली, लुंगीला पुसली, फुंकर मारली, परत लावली. वरातीपासून सुरू झाली. त्यांनी ती पुढे पळवली. मामापर्यंत आली आणि पुन्हा निळा पडदा. तिसऱ्यांदा तसंच. मी उठून हातात घेतली, तिरकी धरून बघितली. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मला काय झालंय ते पहिल्या वेळीच कळलं होतं. माझ्या संगणकाने वाचलेली कड त्यांच्या प्लेअरला वाचता येत नव्हती.

“काय झालं पाव्हणे?” जेठांनी विचारलं.

“जरा जास्त भरली गेली,” मी म्हणालो.

“पोतं उसवलं म्हणा की!” म्हातारा म्हणाला आणि ओसरी हसली.

सासूबाईही हसल्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडचे आहेर सगळे दिसले हो. नेमका मुलीकडचा आला आणि मशीनने खाल्ला. होता ना आहेर, पाव्हणे?”

त्या थट्टेने बोलल्या असाव्यात. विहिणीविहिणीत चालतं एवढं. पण माझे कान गरम झाले. मामाने ते लुगडं घेण्यासाठी चोपड्याच्या बाजारात किती दुकानं पालथी घातली होती, ते मला माहीत होतं. अक्काकडे मी बघितलंच नाही. ती उठून चहा ठेवायला गेल्याचं भांड्यांच्या आवाजावरून कळलं. नाना म्हणाले, “जाऊ द्या, आमची वरात तर झकास दिसली,” आणि ते चांगल्या मनाने म्हणाले होते, म्हणून जास्त लागलं. चहा अक्कानेच आणून दिला. कप माझ्या हातात देताना ती म्हणाली, “गरम आहे, जपून.” दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. नीट करून आणतो म्हणून सीडी मी परत घेतली होती. बसमध्ये मी तिला म्हणालो, “अक्का, दुसरी करून देतो. दोन करतो.” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मायला नको सांगू. तिला वाटेल तिच्यामुळे झालं.”

गावी पोचलो तेव्हा गल्लीतल्या बायका ओट्यावर जमल्याच होत्या. सासर कसं, सासू कशी, हे विचारून झालं. मग शेजारच्या काकूने विचारलं, “सीडी दिखनी का वं? बठ्ठ लगीन दिखनं?”

“बठ्ठ दिखनं,” अक्का म्हणाली. सगळं दिसलं.

माय चुलीपाशी होती. तिथूनच तिने विचारलं, काहीच विशेष नसल्यासारखं, “आनि मी? मी दिखनू का?”

“दिखनी ना, माय. मामानी देयेल हिरवा लुगडामा. भारी दिखनी. सासूबाई बी म्हने, विहीन केवढी शोभस.”

मी दारात उभा होतो. कापताना ती तीन मिनिटं मी कितीदा तरी पाहिली होती. त्यात माय तिच्या रोजच्या विटक्या लुगड्यावर होती, कोपरापर्यंत पिठाचे हात. मामाने दिलेलं हिरवं लुगडं तिने नुसतं मांडीवर घेतलं होतं. त्याची घडी तिने त्या दिवशी मोडली नव्हती, नंतरही नाही. ते अजून पेटीत होतं. अक्काला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. आहेराच्या वेळी ती बाशिंगाआड मान खाली घालून बसली होती.

मायने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. एकदा माझ्याकडे बघितलं. मग बायकांना म्हणाली, “हा. दिखनू व्हसू. मना पोऱ्यानी बठ्ठ एकमा बसाडं.” बायकांनी माझं कौतुक केलं. शिक्षण वाया गेलं नाही, असं काकू म्हणाली. मी आखाजीचा झोका बांधायचा राहिलाय असं सांगून लिंबाकडे गेलो. तो आधीच बांधलेला होता.

आखाजीच्या दिवशी माय माझ्यापाशी आली. आमरसाचं पातेलं तिच्या हातात होतं. हळू आवाजात तिने विचारलं, “जुना लुगडावरच व्हतू ना मी?”

“हो.”

“मंग ते नही दिखनं तेच बरं झालं. पोरना सासरना लोके काय म्हनतीन.” आणि जाता जाता, “दुसरी नको करू.”

तिने मला एकदाही विचारलं नाही की कसं काय बिघडलं. विचारलं असतं तर मी निदान सांगू शकलो असतो. एवढं शिकलेला मुलगा आपल्या आईला एक गोष्ट समजावून सांगतोय, एवढं तरी झालं असतं.

अक्काला सासरी पोचवायचं तेव्हा मी वाट वाकडी करून तिला जळगावला नेलं. क्लासला सुट्टी होती, किल्ली माझ्याकडे असायची. तिला संगणकापुढच्या खुर्चीत बसवलं. ती खुर्ची फिरते हे बघून ती कडेला टेकल्यासारखी बसली. मी सीडी लावली आणि सरळ शेवटाकडे नेली. तिथे ती चालली. मामाने हाक मारली, पूर्ण हाक, आणि माय दारातून बाहेर आली.

अक्काने बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. “अरे, हिच्या अंगावर तर जुनंच आहे!” ती हसली. मग हसू गेलं. “म्हणजे मी त्या दिवशी बोलले तेव्हाच तिला कळलं.”

“हो.”

“तरी काही बोलली नाही.”

चित्र संपलं.

“परत लाव ना, भाऊ.”

मी परत लावलं. या वेळी ती पुढे वाकली. मामा मायला कुंकू लावत होता, लुगडं मांडीवर ठेवत होता, भोवती बायका होत्या. अक्का म्हणाली, “बघ, ती मामाकडे बघतच नाहीये.”

मी बघितलं. माय डावीकडे बघत होती. डावीकडे, चित्राच्या कोपऱ्यात, बाशिंगाच्या झिरमिळ्या आणि अक्काचा खाली घातलेला हात दिसत होता. ती तीनही मिनिटं तिकडेच बघत होती. लुगडं घेतलं तेही न बघता.

हे मला दिसलं नव्हतं. एवढ्या वेळा तो तुकडा मी पुढे-मागे केला, पण माझी नजर दर वेळी खाली कोपऱ्यात धावणाऱ्या मिनिटांवर असायची.

“आणखी एकदा,” अक्का म्हणाली.

धुळ्याची बस चुकणार होती. मी परत लावलं आणि या वेळी मला पडद्याकडे बघता येईना. मी दारापाशी जाऊन उभा राहिलो. ‘सीडी लिहिणे चालू, आत येऊ नये’ ही पाटी आतल्या बाजूला टांगलेली होती. ती खाली काढून टेबलावर पालथी ठेवली आणि अक्का उठेपर्यंत वाट बघितली.